सासऱ्यांनी केलेले कान

लग्नाआधी मी पहिल्यांदा ह्या घरात आले, तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर पाच यकृतं वाळत ठेवलेली होती. शेजारी वर्तमानपत्रावर मूत्रपिंडांच्या चार जोड्या होत्या, आणि मला ज्या खुर्चीवर बसवलं तिच्याखाली एक जठर होतं, झाकण उघडलेलं. माझ्या आईने माझा हात असा धरला की नंतर दोन दिवस मनगट दुखत होतं. होणारे सासरे आतून आले, कोपरापर्यंत गुलाबी रंगाने माखलेले, आणि या-बसा न करता म्हणाले, "डावीकडची दोन अजून ओली आहेत, तेवढं सांभाळा." मग चहा टाकायला निघून गेले. आई परतताना रस्ताभर म्हणत होती की मुलगा चांगला आहे, पण घरात माणसं कमी आणि अवयव जास्त आहेत. मी म्हटलं, बरंच आहे, स्वयंपाक कमी करावा लागेल.

माझे सासरे माणसाच्या शरीराचे नमुने करतात. मेडिकल कॉलेजात काचेच्या कपाटात ठेवतात ते, नर्सिंगच्या शाळेत मुली ज्यांच्याकडे बघून नावं घोकतात ते. घराचा पुढचा अर्धा भाग म्हणजे त्यांचा कारखाना. एक लांब टेबल, प्लास्टरची पोती, रबरी साचे, काचकागदाचे तुकडे आणि रंगाच्या तेवीस बाटल्या, त्यांतल्या सतरा गुलाबी. त्यातून उरेल ते घर आमचं. मी तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे, म्हणजे दिवसभर शर्टांतले दोष काढते. घरी आल्यावरही तुझी सवय सुटत नाही, असं नवरा म्हणतो. सुटेल कशी, घरात एवढा भरपूर माल असताना.

तर सासऱ्यांचा जीव कानात. हृदय काय कुणीही करेल, असं ते म्हणतात. फुप्फुस तर त्यांच्या मते साबण करणाऱ्यालाही जमेल. कान मात्र करावा त्यांनीच. त्यांचा कान चांगला हातभर मोठा असतो आणि तो पूर्ण व्हायला अकरा दिवस लागतात. बाहेरची पाळी उचलली की आतला बोगदा दिसतो, बोगद्याच्या टोकाला पडदा, पडद्यामागे एक छोटी खोली. खोलीत एकमेकांना अडकवलेली तीन हाडं. आणि त्या खोलीच्या पुढच्या भिंतीतून निघून खाली घशाकडे उतरणारी एक नळी. तिला युस्टेशियन नळी म्हणतात. नाकाच्या मागे, घशाच्या अगदी वरच्या टोकाला तिचं तोंड असतं. एरवी ती मिटलेली असते. आवंढा गिळला किंवा जांभई दिली की क्षणभर उघडते, तेवढ्यात खोलीत ताजी हवा जाते आणि आतला ओलावा खाली उतरून येतो. हे मला कोणी विचारलं नव्हतं. ह्या घरात ते कोणीच विचारत नाही, तरी सगळ्यांना माहीत असतं. गॅसची टाकी घेऊन येणाऱ्यालासुद्धा सासऱ्यांनी दारात उभं करून आवंढा गिळायला लावलेला आहे.

असे चारशेच्या वर कान त्यांनी केले. साचा त्यांच्या गुरूंनी बनवलेला, कुठल्याशा कॉलेजातल्या खऱ्या कानावरून, मापं घेऊन. त्या साच्याला सासरे देवघरातल्या वस्तूसारखे हाताळतात. पुढे मुलांच्या दवाखान्यांतून मागणी येऊ लागली, तेव्हा त्यांनी त्याच कानाची अर्ध्या मापाची आवृत्ती काढली, पाळी जरा गुबगुबीत केली आणि खाली चिठ्ठी चिकटवली, "लहान मुलाचा कान". तीही खूप गेली. कुणाची तक्रार नाही.

आणि मग घरातच एक लहान मुलाचा कान आला. म्हणजे दोन आले, माझ्या मुलीचे. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती चालत नाही, गोल फिरत पुढे सरकते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, मला सकाळी सातच्या पाळीला हजर व्हायचं, नवऱ्याची फिरतीची नोकरी. त्यामुळे भिंगरीला वाढवली ती सासऱ्यांनी. कारखान्यातल्या लांब टेबलाच्या एका टोकाला उशी, उशीवर ती, आणि दुसऱ्या टोकाला मेंदू. डाव्या हाताने बाटली धरायची, उजव्या हाताने ब्रश चालवायचा. दूध पिता पिता ती झोपली की तशीच पाठीवर राहू द्यायची, हलवायची नाही. मी कामावर सगळ्या बायकांना हे ऐकवायचे. त्यांच्या सासऱ्यांना चहाचा कपही विसळता येत नव्हता, आणि आमचे बघा, असं. मला फार मिरवावंसं वाटायचं, आणि मी मिरवलंही.

दीड वर्षाची असताना भिंगरीचा कान पहिल्यांदा वाहिला. औषध दिलं, थांबला. दोन महिन्यांनी पुन्हा. सर्दी झाली की चौथ्या दिवशी ताप, मग रात्रभर कान धरून रडणं, मग उशीवर पिवळा डाग आणि पोरगी एकदम शांत. पडदा फुटून पू बाहेर आला की दुखणं थांबतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं; मला वाटायचं, बरं झालं. सासऱ्यांनी निदान करून टाकलं होतं. आंघोळीचं पाणी कानात जातंय. त्यानंतर भिंगरीची आंघोळ म्हणजे एक मोहीम झाली. दोन्ही कानांत बोळे, त्यावर व्हॅसलीन, त्यावर रबरी टोपी, आणि बाहेर सासरे उभे, "मानेच्या वर पाणी नको" असं ओरडत. पोरगी अर्धी कोरडीच बाहेर यायची. कान तरी वाहायचाच.

पाचव्या वर्षी शाळेतून निरोप आला. मुलगी हुशार आहे, पण लक्ष देत नाही. हाक मारली तर तिसऱ्या वेळी बघते. मी घरी येऊन तिला रागावले, चांगली झापली. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "आई, परत सांग." त्या वेळी मला तो उद्धटपणा वाटला. आज ते वाक्य आठवलं की माझं मलाच कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

मी तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ऐकण्याची तपासणी झाली: कानावर मोठे हेडफोन आणि हातात बटण, आवाज आला की दाबायचं. भिंगरीने धडाधड बटण दाबलं आणि निकाल आला की कान उत्तम. तपासणाऱ्या बाईंना मात्र शंका आली. त्या पाठ फिरवून बसल्या आणि पुन्हा तेच केलं. आता बटण गप्प. पोरगी पहिल्या वेळी आवाज ऐकत नव्हतीच, बाईंचं बोट यंत्रावर कधी पडतं ते बघत होती. मला हसू आलं, आणि त्याच हसण्यात रडू आलं. ती हे असं किती दिवस करत होती कुणास ठाऊक.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. नाकाच्या मागे एक गाठ असते, अॅडेनॉइड, हिची ती सुजून त्या नळीच्या तोंडाशी बसली आहे. नळी उघडत नाही, खोलीत हवा जात नाही, आत पाणी पाझरतं आणि चिकट होऊन बसतं. पडदा हलायचाच थांबतो. शिवाय सर्दीतले जंतू नाकातून नळीवाटे वर जातात आणि पू होतो. तीन महिने औषध देऊन वाट बघू, नाही सुधारलं तर छोटं ऑपरेशन: गाठ काढायची आणि पडद्यात एक बारीक नळी बसवायची, आत हवा खेळावी म्हणून. "डावा पडदा दर वेळी फुटून भरून येतोय," त्या म्हणाल्या. "एक दिवस भरणार नाही. मग हा कान जन्मभर वाहत राहील आणि ऐकणं आणखी जाईल."

घरी हे सांगितलं तर सासरे हसले. शिकाऊ पोराने काही सांगितल्यावर जुना कारागीर हसतो तसे हसले. उठले, टेबलावरचा कान ओढला, तांब्यातून पाणी घेतलं आणि नळीच्या खालच्या तोंडाशी ओतलं. पाणी टेबलावर आलं. "बघितलंस? नाकातलं कानात जायला चढ चढावा लागेल. पाणी चढ चढतं का?" मी म्हटलं, बाबा, त्या डॉक्टर आहेत. ते म्हणाले, "त्यांनी आयुष्यात किती कान केलेत?" नवऱ्याने नेहमीप्रमाणे दोघांकडे आलटून पालटून बघितलं आणि थांबू या म्हणाला. वडिलांसमोर त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघत नाही; थांबू या हा मात्र अस्खलित येतो.

थांबलो. तीन महिन्यांनी तपासणी झाली, ऐकणं आणखी खाली. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली आणि घरात सासऱ्यांनी उपोषणाला बसल्यासारखं तोंड केलं. पाच वर्षांच्या पोरीच्या कानात सुरी घालू देणार नाही. पडद्याला भोक पडतंय म्हणून आणखी एक भोक पाडणार, ही कुठली अक्कल. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. म्हटलं, तुमचा कान प्लास्टरचा आहे, माझ्या पोरीचा नाही. मग मीच घाबरले. ते बराच वेळ ब्रश धूत राहिले. शेवटी म्हणाले, "मला ने त्यांच्याकडे. मी दाखवतो त्यांना."

आणि नेलं. सासरे एका हातात भिंगरी आणि दुसऱ्या हातात लाकडी पेटीतला कान घेऊन बसमध्ये चढले. कंडक्टरने पेटीत काय म्हणून विचारलं, तर ह्यांनी खरं सांगितलं. पुढचा सगळा प्रवास आमच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. दवाखान्यात त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचे कागद बाजूला सारून कान मांडला, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि प्रयोग करून दाखवला. पाणी एका पेशंटच्या फायलीवर गेलं. मी खिडकीबाहेर बघत होते, जणू मी ह्यांना ओळखतच नाही.

डॉक्टरीणबाई मात्र कानाकडेच बघत होत्या. त्यांनी पाळी उचलली, पडदा काढला, तीन हाडं बोटाने हलवून बघितली. "हा तुम्ही केलात? आमच्या कॉलेजात हाच होता. मी ह्याच्यावरच शिकले." सासऱ्यांची छाती दोन बोटं फुगली. मग त्या म्हणाल्या, "ह्यात एकही चूक नाही. फक्त हा मोठ्या माणसाचा आहे."

सासऱ्यांनी सांगितलं की लहान मुलाचाही ते करतात, ह्याच्याच अर्ध्या मापाचा. त्यावर बाईंनी पेन्सिल घेतली. लहान मूल म्हणजे लहान केलेला मोठा माणूस नव्हे, हे त्यांनी कागदावर दाखवलं. आतली तीन हाडं जन्मतःच पूर्ण मापाची असतात, ती अर्धी करून चालत नाही. नळी मात्र मोठ्यांच्या जेमतेम निम्मी, साडेतीन सेंटिमीटरच्या जागी पावणेदोन-दोन. तिची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, ढिली. आणि मुख्य म्हणजे मोठ्यांची नळी चांगली पंचेचाळीस अंशांत उतरते, तर बाळाची दहा अंशांत, जवळजवळ आडवी. सहा-सात वर्षांपर्यंत ती हळूहळू उताराला लागते. सासरे कागदाकडे बघत होते. त्यांच्या गुरूंचा साचा एका प्रौढ माणसाचा होता. वीस वर्षं त्यांनी त्याच माणसाला आकसवून त्याला मूल म्हटलं होतं, आणि वीस वर्षं डॉक्टरांनी ते कपाटात मांडलं होतं.

बाई म्हणाल्या, "मला बाळाचा कान करून द्याल? आईबापांना समजवायला लागतो. कुणाकडेच मिळत नाही." सासऱ्यांनी कागद घडी करून खिशात घातला. भिंगरीच्या ऑपरेशनला अजून सोळा दिवस होते, आणि त्यांनी अजून हो म्हटलेलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी नवा साचा करायला घेतला. गुरूंच्या साच्याला हातही लावला नाही. मातीत नळी घडवायची, कोनमापकाने मोजायची, मोडायची, पुन्हा घडवायची. त्यांचा हात चाळीस वर्षांच्या सवयीने आपोआप उताराकडे जायचा. तीन वेळा नळी उतरती झाली आणि तीन वेळा त्यांनी ती चिरडून टाकली. जेवायला हाक मारली तर ऐकू यायचं नाही. मी म्हटलं, आता ह्यांचीही तपासणी करून घ्यावी.

नवव्या दिवशी, रविवार होता, मी सकाळचा चहा घेऊन पुढच्या खोलीत गेले. नवा कान तयार होऊन टेबलावर उभा होता, अजून बिनरंगाचा. शेजारी पेल्यात दूध. मी म्हटलं, हे काय, पाणी का नाही. ते म्हणाले पाणी बघून झालं. उभं ठेवून ओतलं तर थोडंसंच गेलं, बरंचसं बाहेर. मग त्यांनी तो कान हळूच मागे आडवा केला, खाली एक उशी सरकवली, आणि नळीच्या तोंडाशी दूध ओतलं. ते कुठेही सांडलं नाही. सरळ पडद्यामागच्या खोलीत गेलं आणि तीन हाडांभोवती साठून राहिलं.

आम्ही दोघं त्या खोलीतल्या दुधाकडे बघत उभे होतो. उशी भिंगरीचीच होती, आता विटलेली.

"अडीच वर्षं," सासरे म्हणाले. "ह्याच टेबलावर. आडवी करून. ती झोपली की मला वाटायचं, चला, जमलं." त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढे वाकावं लागलं. मी चहा ठेवला. मनात एका क्षणापुरता राग आला होता, आणि लगेच आठवलं की ती बाटली भरून मीच ठेवून जायचे, रोज, आणि वर जगभर कौतुक सांगायचे. मी तेच म्हटलं. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते कळलं नाही. त्या दुपारी त्यांनी नवऱ्याला बोलावून सांगितलं की ऑपरेशन ठरल्या दिवशी होईल, आणि थांबू या हा शब्द पुन्हा काढलास तर बघ. नवऱ्याने बरं म्हटलं. तो शब्दही त्याला येतो असं तेव्हा कळलं.

डॉक्टरीणबाईंना त्यांनी दुधाचं सांगितलं. बाई म्हणाल्या की बाटली हे एक कारण असू शकतं, पण एकटं नाही. गाठ सुजलेली होती, सर्दी सारखी व्हायची, काही मुलांना होतंच, मनाला लावून घेऊ नका. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई चांगल्या आहेत. पण त्यांनी ते दूध आत जाताना बघितलं नाही."

ऑपरेशनला पाऊण तासही लागला नाही. सासरे बाहेरच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते आणि दर मिनिटाला आवंढा गिळत होते. दोन्ही पडद्यांत तांदळाच्या दाण्याहून लहान नळ्या बसल्या. आतून गोंदासारखं काहीतरी निघालं. दुसऱ्या दिवशी भिंगरी घरी आली, आणि पहिली तक्रार केली ती पंख्याची. तो एवढा का ओरडतो. मग नळाची, मग वर्तमानपत्राची, मग माझी. मी तिच्याशी बोलताना ओरडायची सवय लावून घेतली होती, तिला वाटलं मी रागावलेय. मी दिवसभर कुजबुजत बोलले.

सासरे मात्र तिच्याशी नीट बोलेनात. खाऊ आणत, वेणी घालून देत, आणि नजर चुकवून कामाला लागत. मी म्हटलं, असं का करता, तर म्हणाले, रंग वाळतोय.

दोन आठवड्यांनी, सुट्टीचा दिवस, मी दारात भाजी निवडत बसले होते. भिंगरी कारखान्याच्या एका कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून, एका तुटक्या पाळीला हिरवा रंग देत होती. सासरे टेबलापाशी नव्या कानाची नळी काचकागदाने घासत होते. घासता घासता हात थांबला. तिच्या पाठीकडे बघत ते पुटपुटले, ओठ हलले म्हणण्याइतकंच, "चुकलं गं माझं, बाळा."

"काय चुकलं?" भिंगरी मान न वळवता म्हणाली.

माझ्या हातातली जुडी खाली पडली. सासरे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं असेल मी काहीतरी बोलेन, सावरून घेईन. मी जुडी उचलून पुन्हा निवडायला लागले. हे त्यांचं त्यांनाच बोलायचं होतं.

"तू लहान असताना," ते म्हणाले, "मी तुला आडवी करून दूध पाजायचो. म्हणून तुझा कान दुखायला लागला."

भिंगरीने ब्रश पाण्यात बुडवला. "मला आवडायचं का ते?"

"फार आवडायचं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि हिरवा रंग पुढे चालू केला. सासऱ्यांनी काचकागद ठेवला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडू लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मोठ्या माणसाचं ते रडणं, मोठ्याने, अडखळत, श्वास ओढत. भिंगरीने ब्रश ठेवला. मग वळली.

"आजोबा, हळू रड ना. मला ऐकू येतंय."

त्यांनी मान हलवली, आणि खरोखरच आवाज कमी केला.